दर्शनी भिंतीचं भांडण

अक्का,

तुम्हाला जाऊन अजून पंधरवडा झाला नाही आणि घरात माझं राज्य आलं आहे. दादा माझ्याशी सरळ कधी बोलत नाहीत हे तुम्हाला ठाऊकच आहे. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं म्हणजे खांबाकडे बघायचं आणि जे काय असेल ते खांबाला सांगायचं. तर काल ते खांबाला म्हणाले, "धाकटीला म्हणावं, दर्शनी भिंत आता तिच्या मनासारखी करून घे. अडवणारं कुणी राहिलं नाही." एवढं बोलले आणि उपरण्यानं नाक पुसत अंगणात गेले.

ऐकलंत? अडवणारं कुणी राहिलं नाही म्हणे! जोत्यापासून वळचणीपर्यंत सबंध भिंत मी पाथरवटाच्या टाकीनं बारीक टिपून घेतली तरी आता या घरात कुणी चकार शब्द काढणार नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते आयतं पदरात पडलं आहे, आणि मला त्याचा इतका संताप आला आहे की सांगता सोय नाही. भांडण असं मधेच टाकून कुणी जातं का हो? चुलीवर तेल तापत ठेवून उठून जावं, तसं केलंत तुम्ही.

सगळं सुरू झालं ते दादांच्या एका वाक्यानं. आठवतंय ना? आपण दोघी जावा तेव्हा माळीवाड्यात भाड्याच्या खोल्यांत एकमेकींच्या पायांत पाय अडकवून राहत होतो. लढाई संपली होती, पण कंट्रोल काही संपलं नव्हतं. सिमेंट परमिटाशिवाय मिळायचं नाही, लोखंड बघायलासुद्धा मिळायचं नाही. पण नगरला दगडाची काय कमी? नागापूरच्या अंगाला कुदळ मारावी तिथे काळा दगड. दादांनी आणि आमच्या ह्यांनी मिळून दिल्ली दरवाज्याबाहेर जागा घेतली, चुन्याची घाणी फिरायला लागली आणि यल्लप्पा मिस्त्री आपला सगळा गोतावळा घेऊन तिथे मुक्कामाला आला. माजघर कुठे, न्हाणी कुठे, तुळस कुठे, सगळं पुरुषांनी ठरवलं. आपल्याला एका अक्षरानं कुणी विचारलं नाही. मग एका दुपारी यल्लप्पानं दादांना विचारलं, "मालक, दर्शनी दगडाला त्वांड कसं काडायचं?" आणि दादा पानाला चुना लावता लावता म्हणून गेले, "त्यात काय, बायकांना विचारा."

बायकांना विचारा! जन्मात आपल्याला घराबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. आणि आता विचारलं तर आपण काय एका दुपारीत उत्तर देऊन मोकळ्या होणार होतो?

तुम्ही म्हणालात, "गुळगुळीत. घासून घासून असा काळा कुळकुळीत करायचा, की दारात उभं राहिलं की तोंड दिसलं पाहिजे." मी म्हणाले, "टाकीचा. पाट्याला टाकी लावून घेतो ना, तसे बारीक ठिपके, सगळीकडे एकसारखे." तुम्ही सावकाश माझ्याकडे वळलात. "म्हणजे घराच्या तोंडावर देवीचे वण?" मी तरी कशाला ऐकून घेतेय? म्हणाले, "आणि तुमचं घर म्हणजे तेल चोपडून न्हायला बसलेलं." झालं. यल्लप्पा तंबाखू मळत आळीपाळीनं दोघींकडे बघत होता. तुम्हाला म्हणाला, "व्हय अक्का, गुळगुळीत लई ब्येस दिसंल." लगेच माझ्याकडे बघून, "टाकीचा म्हंजी बाई, इचारूच नगा, दगडाचं सोनं हुतं." त्या माणसाला नाही म्हणताच येत नाही. उद्या त्याला कुणी गुळाची भिंत बांध म्हटलं तरी तो लई ब्येस म्हणून ढेप आणायला निघेल.

पुरुषांनी मधे पडून बघितलं. दादा म्हणाले, रेल्वेनं शहाबादी फरशी आणू आणि दोन्ही भांडणांवर लावून टाकू. तेव्हा मात्र आपण दोघी एक झालो. "फरशी पायाखाली घालायची असते," तुम्ही म्हणालात. "भिंतीवर काय आम्ही पालीसारख्या चालणार?" मी खांबाला म्हणाले. हे म्हणाले, "आहे तसा ओबडधोबड दगड राहू द्या, आपल्या किल्ल्यासारखं दिसेल." तुम्ही विचारलंत, "विनू, तुझ्याकडे तोफ आहे का रे?" त्यानंतर ह्यांनी भिंतीचं नाव काढलं नाही.

तोवर आभाळ भरून यायला लागलं आणि भिंती तर उभ्या राहायला हव्यात. मग यल्लप्पानंच तोड काढली. म्हणाला, "दगूड बसवून घिऊ. त्वांड मागनं घडवू, जाग्यावच." आणि बघायला नमुना म्हणून त्यानं दाराच्या एका हाताला तुमचा आणि दुसऱ्या हाताला माझा असा एकेक तुकडा करून दिला, बाजेएवढा. तुमच्या बाजूला त्याची बायको आणि सून वाळू-पाणी घालून घालून दगड रगडत बसल्या, माझ्या बाजूला तो स्वतः टाकी घेऊन टकटक करत बसला. बाकी सगळी भिंत होती तशी खडबडीत. आपण सामान घेऊन आलो तेव्हा टांगेवाल्यानं घराकडे बघून विचारलं होतं, "न्हावी अर्ध्यातनंच उठून गेला काय?" आणि तुम्ही त्याला टांग्यातून उतरेपर्यंत बोलत होतात.

पण खरा कहर केलात तो वास्तुशांतीच्या दिवशी. म्हणजे जी झालीच नाही त्या वास्तुशांतीच्या. भटजींनी मुहूर्त काढला होता, केळीचे खुंट आणले होते, आणि तुम्ही म्हणालात, "घराचं तोंड धुतल्याशिवाय देवाला जेवायला बोलवायचं? मला नाही जमायचं." एवढ्यावर थांबला असतात तर! तरातरा देव्हाऱ्यासमोर गेलात, हात जोडलेत आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "दर्शनी भिंत पुरी होऊन वास्तुशांत होईपर्यंत मी पुरणपोळी खाणार नाही."

तुम्ही आणि पुरणपोळी! तूप सोडून, दुधात बुडवून, वर पुन्हा तूप सोडून खाणारी बाई तुम्ही. शिळी पोळी सकाळी चुलीच्या वैलावर कुरकुरीत करून खाताना तुम्हाला हाक मारली तर तुम्ही ओ देत नसत. आता ही बाई सुकून जाणार आणि सगळं नगर म्हणणार, धाकटीनं दगडापायी थोरलीच्या तोंडचा घास काढला. होळीपर्यंत मला सुखाची झोप आली नाही.

आणि होळीला काय केलंत? मी पोळ्या लाटत होते. तुम्ही वाढायला बसलात, सगळ्यांना आग्रह केलात, स्वतःच्या पानात आमटी-भात घेतलात. माझे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, मरो तो दगड, उद्या यल्लप्पाला बोलावते आणि सगळी भिंत गुळगुळीत करायला सांगते. तेवढ्यात तुम्ही चुलीपाशी आलात, उरलेल्या पुरणाचं भांडं पुढ्यात ओढलंत, कणकेच्या पाऱ्या केल्यात, पुरण भरून मुरड घातलीत आणि भसाभसा कडबू तळायला घेतलेत.

मी म्हटलं, "अक्का, हे काय?"

"कडबू."

"तुम्ही देवासमोर सोडलंय ना?"

"पोळी सोडलीय. कडबू म्हणजे पोळी का?"

"अहो, पुरण तेच आहे!"

तुम्ही कढईतला कडबू उलटवलात आणि शांतपणे म्हणालात, "पुरण सोडलंय असं मी देवाला कुठे म्हटलं?"

दादा वकिलाकडे कारकुनी करतात, पण कायदा खरा तुम्हालाच कळला होता. त्या दिवशी मी यल्लप्पाला बोलावायचा बेत रद्द केला. पुढे प्रत्येक सणाला आपल्या घरी पोळीही झाली आणि कडबूही झाले, आणि कडबूवर तूप पोळीपेक्षा जास्तच पडलं.

गल्लीचं तर काय विचारायचं! आपल्याला वाटलं होतं आपण घराचं तोंड घडवतोय, आणि गल्लीला वाटलं ही गल्लीचीच सोय केलीय. शेजारच्या शेवंता गवळणीची म्हैस पहिल्याच आठवड्यात येऊन माझ्या टाकीच्या दगडाला पाठ घासायला लागली. डोळे मिटून, मान वाकडी करून, असं घासायची की बघणाऱ्यालाही खाज सुटावी. तुम्ही ओसरीवर बसून मला हाका मारायचात, "धाकटे, ये गं, तुझ्या भिंतीचं गिऱ्हाईक आलंय." मी म्हैस हाकलायला धावले की शेवंता म्हणायची, "ऱ्हाऊ द्या की बाई. माजी म्हस आता दुसऱ्या भितीला न्हाईच जात." मग पाण्याला जाणाऱ्या बायका थांबून खालच्या दगडावर टाचा घासायला लागल्या. पुरुष विडीची काडी ओढायला लागले. मी बादलीभर पाणी मारून सगळं धुऊन काढायची आणि तुम्ही म्हणायचात, "देवीचे वण पाण्यानं जात नसतात."

पण तुमच्या दगडाचं काय झालं? तो चकचकीत तुकडा म्हणजे सगळ्या गल्लीचा आरसा. पोस्टमन टपाल द्यायच्या आधी तिथे टोपी सरळ करायचा. लग्न ठरलेली पोरं उगाच आपल्या दारावरून तीन-तीनदा जायची. आणि ती चिमणी! तिला दगडात दुसरी चिमणी दिसायची आणि दिवसभर ती तिच्याशी भांडायची. चोच मारायची, मागे सरायची, पुन्हा चोच मारायची. मी तुम्हाला म्हटलं, "बघा अक्का, तुमच्या बाजूला कोण राहायला आलंय. घरचंच माणूस वाटतं." तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी चिमणीला तांदूळ टाकताना सापडलात.

आणखीही एकदा सापडलात, ते मी कुणाला सांगितलं नाही. भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, तुम्ही एका हातानं दाराची चौकट धरून माझ्या टाकीच्या दगडावर टाच घासत होतात. त्या म्हशीसारखेच डोळे मिटून! मी दारातच उभी. तुम्ही डोळे उघडलेत, पाय खाली घेतलात आणि म्हणालात, "दगड किती वाईट आहे ते बघत होते." बरं, आता तुम्ही गेलाच आहात तर सांगून टाकते. हळदीकुंकवाला निघताना मी नेहमी तुमच्याच दगडात बघून कुंकू सारखं करत होते. घरातल्या आरशात दिसत नाही तेवढं स्वच्छ दिसायचं.

देश स्वतंत्र झाला तेव्हा हे म्हणाले, आज तरी भिंतीला काही तरी करू. सगळ्या घरांना तोरणं, पताका, आणि आपलंच घर तेवढं असं. तुम्ही म्हणालात, "इंग्रज गेले म्हणून मी गुळगुळीत सोडू होय?" शेवटी दाराच्या मधोमध झेंडा लावला, ना तुमच्या बाजूला, ना माझ्या. त्यासाठी सुतळीनं दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं होतं तुम्ही.

अक्का, मी सारखी हसतेय आणि सारखे डोळे पुसतेय. आता जे सांगायचंय ते हसत सांगता येणार नाही.

गोदूमावशी आठवतात? विसराल कशा, दादांची मावशी ती. नव्या घरातलं पहिलं चैत्रातलं हळदीकुंकू होतं, घरभर बायका बसल्या होत्या, आणि मावशींनी कैरीची डाळ खाता खाता मोठ्यांदा विचारलं, "घर झालं हो धाकटे, पण पाळणा कधी? किती वर्षं झाली लग्नाला?" सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आणि तेवढ्यात तुम्ही कडाडलात, "पाळण्याचं राहू द्या मावशी, आधी हिची भिंत बघायला चला! देवीचे वण काढून ठेवलेत घराच्या तोंडावर, म्हशी येऊन पाठ खाजवतात!" सगळ्या बायका उठून बाहेर गेल्या. कुणी हा दगड चाचपला, कुणी तो. तिथे दोन तट पडले, मावशी तुमच्या बाजूनं तावातावानं बोलायला लागल्या आणि पाळणा राहिला माजघरातच.

मला त्या दिवशी तुमचा इतका राग आला होता! वाटलं, चारचौघींत माझा पाणउतारा करायची हीच वेळ सापडली का ह्या बाईला? मी रात्री जेवले नाही. तुम्ही पानावर बोलवायला आलात तर मी पाठ फिरवली.

पुढेही असंच व्हायचं. कुणी आली, गूळपाणी झालं, माझ्याकडे नजर वळली, "काही विशेष?" म्हणून कुणी तोंड उघडलं की तुम्ही लगेच, "हिला विशेष काही विचारू नका, ही दगडातच डोकं घालून बसलीय." आणि चालली वरात भिंतीकडे. मी आपली दर वेळी दातओठ खायची. मला वाटायचं, बाई किती हट्टी! मिळेल त्या पाहुणीला आपल्या बाजूला ओढतेय.

या होळीलाही तुम्ही कडबूच खाल्लेत. पाडवा झाला आणि ताप भरला. तीन डॉक्टर झाले, तुमची लेक सुमन खर्ड्याहून आली, काढे झाले, इंजेक्शनं झाली, आणि ताप काही उतरेना. त्या दुपारी सुमनचा जरा डोळा लागला होता आणि मी तुमच्या कपाळावर पाण्याची घडी ठेवत होते. तुम्ही डोळे उघडलेत.

"म्हैस आली होती का गं?"

"आली होती."

"कुठल्या बाजूला?"

आता आजारी माणसाशी खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण आपली तशी सवय नव्हती. मी म्हटलं, "माझ्या."

"बघ," तुम्ही म्हणालात, हसलात आणि कूस वळलात. त्यानंतर माझ्याशी तुम्ही बोललाच नाहीत. लोकांच्या घरची माणसं जाताना देवाचं नाव घेतात, मुलाबाळांना सांभाळा म्हणतात. समाचाराला येणाऱ्या बायका मला विचारतात, "शेवटचं काय बोलल्या हो अक्का?" मी काय सांगू त्यांना?

तुम्हाला भरल्या कपाळानं दारातून नेलं तेव्हा एका हाताला तुमचा दगड होता, एका हाताला माझा. मी दोन्हींकडे बघितलं नाही.

दहाव्याच्या दिवशी सकाळी मी ह्यांना बाजूला घेतलं. बायकांना घाटावर येता येत नाही, म्हणून ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं. म्हटलं, "हे बघा, अक्कांचा जीव त्या भिंतीत अडकलाय. कावळा काही पिंडाला शिवायचा नाही. तुम्ही तासभर तसेच उन्हात उभे राहाल. तेव्हा दादांना म्हणावं, स्पष्ट सांगा अक्कांना, सगळी भिंत गुळगुळीत करतो. सगळी! माझा तुकडासुद्धा घासून टाकतो. धाकटीनं कबूल केलंय." हे सांगताना मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. ह्यांनी सुद्धा दोनदा विचारलं, "नक्की ना?"

सगळे सीना नदीकाठी गेले आणि मी दारात बसून राहिले. मनात हिशोब मांडत होते, आता पिंड ठेवला असेल, आता कावळे झाडावर बसून बघत असतील, आता दादांनी हात जोडले असतील. तर इतक्यात सगळे परत! मी उठून पुढे गेले. "सांगितलंत?"

हे म्हणाले, "सांगायची वेळच आली नाही. पिंड ठेवून भटजी मागे सरले नाहीत तो कावळा आला. दोन चोची मारल्या, घास घेतला आणि गेला. भटजी म्हणाले, फार समाधानी जीव होता."

समाधानी? अक्का, तुम्ही? जिला ताकात मीठ कधी बरोबर लागलं नाही, जिनं मी वाळत घातलेलं लुगडं नीट नाही म्हणून चार-चार वेळा काढून पुन्हा वाळत घातलं, ती समाधानी? मी इथे माझी सगळी भिंत तुमच्या पायावर घालायला बसले होते आणि तुम्ही माझं ऐकूनसुद्धा घेतलं नाहीत! मी ह्यांना म्हटलं, "तो कावळा दुसऱ्याच कुणाचा असेल. नीट बघितलंत का?" ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला रडूच फुटलं.

दुपारभर मी ओसरीवर बसून विचार करत होते. भिंतीत जीव अडकला नव्हता, तर मग इतकी वर्षं चाललं होतं काय? गुळगुळीत काय आणि टाकीचा काय, तुम्हाला काहीच पडलं नव्हतं? मग दर वेळी एवढा आरडाओरडा, पाहुण्यांना धरून धरून बाहेर नेणं, ते कशासाठी? आणि मग एकेक पाहुणी आठवायला लागली, अक्का. कोण काय विचारायला तोंड उघडत होती आणि तुम्ही नेमक्या कोणत्या शब्दावर कडाडला होतात, ते आठवायला लागलं.

मला खात्रीनं काही माहीत नाही. तुम्ही कधी बोलला नाहीत, मी कधी विचारलं नाही. कदाचित तुम्हाला नुसतं भांडायलाच आवडत असेल. तुमचा स्वभाव बघता तेही खरं असेल. पण एवढ्या वर्षांत, अक्का, माझ्या मुलाबाळांचा प्रश्न या घराच्या उंबऱ्याबाहेर गेला आणि भिंतीवर आपटून तिथेच पडला. एकदाही मला उत्तर द्यावं लागलं नाही. हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं आणि तुम्ही म्हणायला हवं होतं, "चल, काहीतरीच तुझं. दगड बघ आधी तुझा."

आज तेरावं. सकाळीच यल्लप्पा टाक्यांची पिशवी खांद्याला लावून आला. अंगणात बसून लेकरासारखा रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "मालक म्हनले, धाकल्या बाईच्या मनापर्मानं करून दे. करू न्हवं सुरू? टाकीचाच ना?" आणि तुमच्या तुकड्याकडे बघून, "का अक्कांच्या मनाचं करायचं? त्ये बी ब्येसच हाय."

मी म्हटलं, "यल्लप्पा, अक्का म्हणतात गुळगुळीत. मी म्हणते टाकीचा. आमचं अजून ठरलेलं नाही."

त्यानं टाक्यांची पिशवी भिंतीला टेकवून ठेवली. मग जन्मभर जे बोलला तेच बोलला. "व्हय बाई. बराबर हाय." आणि जेवायला थांबला.

पंक्ती बसल्या. गोडाचं जेवण म्हणून पुरणपोळ्या मीच केल्या, तुमच्यासारख्या पातळ झाल्या नाहीत. पुरुष उठल्यावर आम्ही बायका बसलो. गोदूमावशी समोरच होत्या. पहिला घास घेतला, इकडे तिकडे बघितलं, उसासा टाकला आणि म्हणाल्या, "थोरली गेली गं. आता या एवढ्या घरात तू एकटी. एखादं लेकरू असतं तर…"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. सुमन मला पोळी वाढायला वाकली होती, ती तशीच थांबली. मी तुमच्या जागेकडे बघितलं. तिथे पाट रिकामा. अक्का, इतकी वर्षं मला त्या क्षणी काही करावंच लागलं नव्हतं हो, मला कुठे येतंय ते?

मी पानावर हात आडवा धरला. म्हटलं, "सुमन, मला पोळी नको वाढूस. मी सोडली आहे."

मावशींचा घास हातातच राहिला. "सोडलीस? ती का गं?"

"भिंत व्हायची आहे ना अजून. भिंत पुरी होऊन वास्तुशांत होईपर्यंत मी पोळी खाणार नाही. तुम्हीच सांगा मावशी, अक्कांचा तो गुळगुळीत दगड शोभतो का आपल्या घराला? तेल चोपडून बसवल्यासारखा?"

"शोभतो म्हणजे? शोभतोच!" मावशी एकदम तावात आल्या. "तुझा तो खरबरीत कुणाला हवाय? थोरलीचं अगदी बरोबर होतं!" पलीकडून शेजारणीनं माझी बाजू घेतली, कुणी म्हशीची गोष्ट काढली, कुणी चिमणीची, आणि आमटी वाढेपर्यंत पंक्तीत दोन तट पडले. तुमच्या बाजूला आज जरा जास्तच बायका होत्या.

जेवणं झाल्यावर मी उरलेल्या पुरणाचं भांडं पुढे ओढलं, पाऱ्या केल्या आणि कढई चुलीवर ठेवली. दादा पाणी प्यायला आत आले. कढईकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं आणि खांबाला म्हणाले, "धाकटीला म्हणावं, पुरण तेच आहे."

मी कडबू उलटवला आणि खांबालाच सांगितलं, "पुरण सोडलंय असं मी कुठे म्हटलं?"